खालून येणारा ठोका

ती उडी मारून धपकन उतरली, आणि श्वासभराच्या अंतराने खालून छताला ठोका बसला.

"झालं सुरू," ती पुटपुटली.

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहत. अंथरुणाला खिळलेले, एवढंच तिला ठाऊक होतं. याआधीची भाड्याची खोली तिला असल्याच ठोक्यांपायी सोडावी लागली होती, त्यामुळे खाली जाऊन विचारपूस करायची हिंमत झाली नाही. आपण होऊन बोलणी खायला कोण जातं?

खरी धास्ती नाचाच्या मास्तरांची होती. नव्या कार्यक्रमातला मुख्य नाच तिचा, पण मास्तरांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "उडी झकास. उतरतेस मात्र पोतं टाकल्यासारखी. पहिल्या रांगेला ऐकू जातं, आणि गुडघे तरी किती दिवस सोसतील? दोन महिने देतो. नाहीतर नाच दुसरीला."

"काय करू मग?"

"पायांत ताकद आण. उडी मारायलाच नाही, पेलायलाही ताकद लागते."

ती हट्टाला पेटली. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर, टाचा खाली. एका पायावर सावकाश बसायचं, तितकंच सावकाश उठायचं. मग बुटक्या स्टुलावरून चाळीस उड्या: आधी बोटं, मग चवडा, मग टाच, गुडघे सैल. पहिल्या आठवड्यात तिला कठडा धरून जिना उतरावा लागे.

आजोबा एकही उडी सोडत नव्हते. चाळीस उड्या, चाळीस ठोके. सुरुवातीला ठोका अगदी दबका असायचा. दहाएक दिवसांत त्याला चांगलाच जोर चढला. फारच चिडलेत, असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने त्यांनाच परीक्षक नेमलं. ठोका आला की उडी नापास. चाळिसाचे पंचवीस झाले, पंचविसाचे नऊ. कधी कधी ठोका उशिरा, चाचपडत यायचा. आणि एका सकाळी चाळीस उड्या झाल्या तरी खालून हूं की चूं नाही. ती तिथेच जमिनीवर बसून आनंदाने रडली.

पुढचे तीन आठवडे खाली शांतता होती. शेवटच्या तालमीत मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

"उतरलीस का?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच."

"नाच तुझा."

कार्यक्रमाच्या दोन प्रवेशिका घेऊन ती थेट खालच्या दारात गेली. आजोबांच्या लेकीने दार उघडलं.

"तू वरची ना? अगं, इथेच आहेस! आम्हाला वाटलं, खोली सोडलीस."

"नाही हो. माझ्यामुळे आजोबांना फार त्रास झाला. माफी मागायला आलेय."

आत आजोबा छताकडे बघत पडले होते. जळमटं काढायची लांब काठी कोपऱ्यात उभी होती. उजवा हात चादरीवर निपचित होता.

"त्रास कसला?" लेक म्हणाली. "झटका आल्यापासून हा हात जेमतेम हलायचा. डॉक्टर व्यायाम सांगून थकले, पण बाबा ऐकतील तर शपथ. मग तुझ्या उड्या सुरू झाल्या. म्हणाले, वरची पोर रोज इतकी पडते आणि पुन्हा उठते, मग मी का नको? तुझी एक उडी, त्यांची एक काठी. हातात जोर यायला लागला होता गं. पण तुझं पडणं बंद झालं, त्या दिवसापासून त्यांनी काठीला हात लावलेला नाही."