हातातनं हातात

भातकापणीला सावडीच्या बाया आल्या होत्या; आज आमचं खाचर, उद्या त्यांचं. मागच्या वर्षी भादव्यात माझी झोप उडाली, बोलणं थांबेना आणि एका सकाळी मी अर्धं खाचर हिरवंच कापून टाकलं. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात, वाडी म्हणते, बाहेरची बाधा. तेव्हापासून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, माझा विळा लपवून ठेवतात. पुढं ते वारं उतरलं आणि त्याबरोबर हसू, रडू, रागही गेला. हीसुद्धा त्याच आजाराची बाजू, डॉक्टर म्हणाले. गोळ्या सोडू नका. मी बांधावर बसून भारे बांधायला पेंढ्याचे बंद वळत होते, तेवढ्यात आत्या आल्या आणि त्यांनी विळा माझ्यापुढं धरला. आमच्याकडं विळा असा हातात देत नाहीत. भुईवर ठेवतात, दुसरीनं उचलायचा; नाहीतर दोघींत भांडण लागतं. “अवं फुलाबाई, तिच्या हातात विळा?” शेजारीण आत्यांवर ओरडली. “आन् त्यो बी हातातनं हातात? भांडान लागंल.” “लागू दे,” आत्या म्हणाल्या. “वरीस झालं, माज्याशी भांडली न्हाई ही.” मी विळा घेतला. मला काहीच वाटलं नाही. माझ्या शेजारची पात, म्हणजे कापायची पट्टी, कुणी धरेना; ती आत्यांनी धरली आणि माझ्याकडं पाठ करून वाकल्या. आम्ही कापत राहिलो. बऱ्याच वेळानं माझ्या तोंडून आपसूक निघालं, “आत्या, पात वाकडी चाललीया तुमची.” त्या जागीच थांबल्या. मग सगळ्या खाचरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आता तू शिकवनार व्हय मला?”