बंबातलं पाणी

काचेच्या टाकीतली सातवी आणि शेवटची गप्पी पोट वर करून तरंगली, तेव्हा कमलाबाई जैन बस्तीतून दर्शन घेऊन परतून दारात चपला काढत होत्या.

"ही पण गेली व्हय," त्या म्हणाल्या.

अनुराधाने जाळीने मासा उचलला. निपाणीच्या या घरात कमलाबाई सुनेला आठ वर्षं पाण्यात पाहत होत्या. तिला मूल झालं नाही, यापेक्षा वेगळं कारण त्यांना लागत नव्हतं.

आता अनुराधाने मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. अर्ज भरून कपाटात तयार होता. फक्त नवऱ्याची, वृषभची सही राहिली होती, आणि वृषभ आईकडे बघितल्याशिवाय पेन उचलत नसे.

"साधं मासं जगत न्हाईत हिच्या हातात," कमलाबाई लेकाला ऐकवत. "दुसऱ्याचं लेकरू कसं जगवंल?"

दीड फुटाची ती टाकी अनुराधाने हौसेने घेतली होती. ती शाळेत शिकवायला गेली असताना दुकानदार मष्णू येऊन बसवून गेला. काही सांगून गेला का, असं तिने संध्याकाळी सासूला विचारलं होतं.

"काय सांगतंय त्ये. ठेवलं न् गेलं."

मग मासे मरू लागले. दोन मेले, चार मेले, तशी अनुराधाच्या मनात पाल चुकचुकली.

"आत्ती, तुम्ही टाकीत काही घालता का?" तिने तोंडावरच विचारलं.

कमलाबाईंचा आवाज चढला नाही. "मी पाणी गाळून पिणारी बाई. गाळण्यावर राहिलेला जीवबी परत आडात सोडतो आम्ही. माझा हात टाकीला लागला तर सांग."

ते खरंच होतं. अनुराधाने झाकणाला दोरा बांधून पाळत ठेवली. आठवडाभर दोऱ्याची गाठ कुणी सोडली नाही. आपण म्हातारीवर उगाच आळ घेतला, याची तिला लाज वाटली.

उलट टाकीच्या स्वच्छतेची काळजी कमलाबाईंनाच जास्त. "बघ की, कसली घाण. त्यात जीव राहील व्हय? सगळं उपसून धू." दर रविवारी अनुराधा टाकी रिकामी करी, खडे घाशी, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळी. वर नळाचं पाणी नको म्हणून कमलाबाई स्वतः बंब पेटवून, पाणी उकळून गार करून देत. आठ वर्षांत त्यांनी सुनेसाठी केलेलं ते एकच काम होतं. त्यानेही अनुराधाला एकदा भरून आलं होतं.

आज वृषभने मेलेल्या माशाकडे पाहिलं, कपाटातून अर्ज काढला आणि फाडला.

"जीव सांभाळणं आपल्याला जमत नाही अनु," तो म्हणाला.

दुपारी तिने रिकामी टाकी मष्णूच्या दुकानात नेऊन आदळली.

"टाकी विकलीस, पण मासे कसे सांभाळायचे ते एका शब्दाने सांगितलं नाहीस."

मष्णू गोंधळला. "असं कसं, आक्का? सासूबाईस्नी सगळं सांगितलो की. पाणी पाव हिस्साच बदला, स्पंज नळाखाली धुवू नका, उकळलेलं पाणी तर घालूच नका, मासं गुदमरत्यात. लई काळजी हो त्यास्नी. जगवायचं कसं ते एकदाच ऐकल्या, आणि कशानं मरत्यात ते दोनदा विचारून घेतल्या."