सात नंबरची बाटली

सात नंबरच्या बाटलीत पुन्हा गाळ जास्त निघाला. गुणमालानं गाळणीचा कागद वाळवून दोनदा वजन केलं. आकडा तोच.

विश्रामबागेतल्या पाणी-पाहणी कचेरीत नकाशा काढायचं काम तिचं. कृष्णेच्या पात्रात बारा जागा ठरवलेल्या. नावाडी हरिबा रोज बारा बाटल्या भरून आणायचा. पाण्यात किती गाळ तरंगतोय ते ती मोजायची आणि मधल्या जागांचे आकडे अंदाजानं काढायची. जवळच्या बाटलीला मान जास्त, लांबच्या बाटलीला कमी. गाळ जास्त तिथं गडद तपकिरी रंग, कमी तिथं फिका. हरिबा बाटल्या ठेवायचा त्या टेबलामागच्या भिंतीवरच हा नकाशा टांगलेला असायचा. शहरासाठी पाणी उचलायची विहीर कुठं खोदायची, ते या नकाशावरून ठरणार होतं.

ताळा म्हणून ती एकेक बाटली बाजूला ठेवून तिचा आकडा शेजारच्या बाटल्यांवरून काढून बघायची. अकरा बाटल्या तंतोतंत जुळायच्या. सात नंबर मात्र तीन आठवडे जुळत नव्हती.

हरिबा तिथं काठावरचा चिखल ढवळून भरतो, असं तिच्या मनानं घेतलं. विचारलं की तो खाली बघून एवढंच म्हणायचा, हाय ते हाय. साहेबांनी सात नंबर खोडायला सांगितलं. पुढच्या महिन्यापासून नावाडीही बदलू, म्हणाले.

हरिबा पलटणीतनं परत आलेला माणूस. घरी बायको अंथरुणाला खिळलेली. गुणमालाचा हात खोडताना अडखळला. आधी स्वतः जाऊन बघायचं तिनं ठरवलं.

त्र्याहत्तर सालचा ऑगस्ट. नदी फुगलेली. नाव काठाकाठानं सात नंबरपाशी आली. गुणमालानं आपल्या हातानं बाटली बुडवली. पाणी दाट चहासारखं गढूळ. थोडं वर एका ओढ्याचं तोंड होतं आणि सगळा गाळ तिथूनच येत होता. कचेरीतल्या कुणाला तो ओढा ठाऊकच नव्हता.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हरिबा, मी उगाच तुमच्यावर संशय घेतला. आजच साहेबांना लिहून देते, बाराही बाटल्या खऱ्या आहेत म्हणून.”

वल्हं थांबलं. हरिबा मधल्या धारेकडं बघत राहिला. तिथं एक उपटलेलं झाड गिरक्या खात चाललं होतं.

“तसं लिहू नका, बाई,” तो म्हणाला. “पाणी चढल्यापासनं ही नाव धारंत टिकत न्हाई. कचेरीत दोनदा सांगितलं, कुणी ऐकलं न्हाई. म्हणून हितवर तेवढा येतो. बाकीच्या अकरा बाटल्यांत तुमच्या नकाशातला रंग बघून मीच गाळ कालवतो.”