मोबाईलवर आलेली पत्रिका

पालीच्या भावाच्या नंबरवरून भाचीच्या लग्नपत्रिकेची फाईल मोबाईलवर आली आणि लिंबागणेशच्या विमलबाईंचं डोकंच फिरलं.

"उघडू नको गं! पत्रिकेच्या नावानं व्हायरस धाडत्यात मेले चोर. सख्ख्या बहिणीला अक्षदा द्यायला आण्णा सोता दारात येईल, असा फोनवर न्हाई बोलवायचा!"

लेकीनं, दीपमालानं, फाईल व्हायरस तपासणाऱ्या साइटवर टाकली. तपासणी होईस्तोवर विमलबाईंनी धाडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"आई, फाईल साफ हाय. मामाला बी फोन करून इचारलं. त्यांनीच धाडली. म्हणले, आता घरोघर कोण हिंडतंय?"



विमलबाईंनी फोन बाजेवर आदळला. "यापरीस चोर परवडला!"