कठड्याचा निळा

टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला कापूस पुतणीने बोटीच्या पांढऱ्या अंगावरून फिरवला. रंग जागचा हलला नाही. मग तिने तोच कापूस मागच्या टोकाला, निळ्या रेघेवर टेकवून घासला. कापूस निळा झाला.

“काकू, काका तर म्हणाले, सगळे रंग पाण्यातले आहेत.”

काकूंनी आधी जिन्याकडे पाहिलं. हातभर लांबीची ती लाकडी बोट काकांनी आठ महिने खपून केली होती. तीस वर्षं ते अशा छोट्या बोटी करत आले, रंगावरून तेच ते टर्पेंटाइनचं वार्निश मारत आले, कधी कुणाला विचारलं नाही. यंदाच त्यांना काय सुचलं कोण जाणे. रसायनशास्त्र शिकलेल्या पुतणीला ‘वार्निश तपासून दे’ म्हणून बोलावलं आणि स्वतः ब्रश आणायला खाली गेले.

“बाकी सगळं त्यांचंच आहे,” काकू हळूच म्हणाल्या. “रेघ तेवढी माझी. हल्ली हात कापतो त्यांचा. रेघ वाकडी यायची आणि माणूस तासभर तिच्याकडे बघत बसायचा. ते दुपारी झोपले की मी सरळ करून ठेवायचे. गच्चीच्या कठड्याचा रंग उरला होता डब्यात.”

“म्हणजे ऑइल पेंट?”

“मला काय ठाऊक? निळा होता.”

पुतणीला हसू आलं, पण काकूंचा चेहरा बघून तिने ते गिळलं. “हे वार्निश लावलं तर रेघ ब्रशाबरोबर उठून येईल. पांढऱ्यावर सगळीकडे निळं.”

“मग कळेलच त्यांना. आणि कळलं की ब्रश ठेवतील तो कायमचा. मी ओळखते ना.”

पुतणीने पिशवीतून दुसरी बाटली काढली. त्यातला थेंबभर पुढच्या टोकाला, रेघेवरच लावला. थांबली. वाळल्यावर बोट फिरवलं. रेघ होती तिथेच होती.

“पाण्यातलं वार्निश. दोन्ही रंगांना चालेल.”

“आणि त्यांना काय सांगशील?”

“याला वास कमी येतो.”

जिन्यात चपला वाजल्या. काकू उगाचच टेबल पुसू लागल्या.

काकांच्या हातात दोन ब्रश होते, एक वार्निशचा चपटा, एक अगदी बारीक टोकाचा. पुतणीचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं.

“बरं. पाण्यातलं तर पाण्यातलं.”

“एवढ्यात ऐकलंत? मी भांडायच्या तयारीने आले होते.”

“शिकलेल्या माणसाशी कोण भांडतं?” त्यांनी चष्मा लावला आणि बोट सावकाश फिरवून पाहिली. मागच्या टोकाशी त्यांचं बोट थांबलं. तिथे दोन बोटं रेघ पुसली गेली होती. काकूंचं फडकंही थांबलं.

“तपासताना गेली. माझ्याच हातून,” पुतणी घाईने म्हणाली.

“हं. मग आज वार्निश नको.”

बारीक ब्रशाचं टोक त्यांनी अंगठ्यावर फिरवून पाहिलं. मग तो बोटीशेजारी ठेवला, दांडा काकूंकडे करून.

“मी जरा पडतो,” म्हणत ते आतल्या खोलीत गेले.

घड्याळात अजून अकराही वाजले नव्हते.