ऑरिनच्या पुंगळ्या

"सगळ्यात स्वस्त कुठला आहे, तेवढाच दाखव," आर्डिथ म्हणाली आणि काउंटरपुढच्या स्टुलावर बसली. चाळीस मैल बर्फातून पिकअप हाकून तिची कंबर धरली होती.

लीलँडनं न विचारताच कॉफी ओतली. गावात बंदुकांचं दुकान त्याचं एकच, आणि सगळ्यात वाईट कॉफीही त्याचीच.

"पुंगळ्या कापायचा ट्रिमर ऑरिनला हवाय?"

"नाहीतर काय मला? मनगट सुजलंय त्याचं. महिन्याला काडतुसांच्या दोनशे रिकाम्या पुंगळ्या कापतो, हातानं दांडा फिरवून फिरवून. आता म्हणतो, मोटरवाला आण, पण पैसे उधळू नकोस."

लीलँडनं दोन खोकी काढली. "हा चांगला. कापणं, कडा घासणं, सगळं एकाच यंत्रात. चारशे डॉलर."

"मी घर घ्यायला नाही आले."

"मग हा घे. घरच्या ड्रिलला जोडायचा आणि ड्रिल शिकंज्यात आवळून ठेवायचं. पुंगळी आत ढकलली की ठरल्या लांबीला आपोआप थांबते. हात थरथरला तरी माप चुकत नाही. नव्वद."

"हा दे."

हात थरथरण्याचा विषय निघाला की आर्डिथ खिडकीबाहेर बघायची. आताही तिनं तेच केलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, ऑरिनला, अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, जीभ सावरली, उजव्या हाताचा कंप मात्र राहिला. इस्पितळातून आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग एक दिवस उठला, गॅरेजमधल्या टेबलाशी जाऊन बसला आणि पूर्वीसारखी झाडलेल्या पुंगळ्यांत दारू-गोळी घालून काडतुसं भरायला लागला. त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला. आर्डिथला तेव्हा रडूच आलं होतं.

पण थरथरत्या हातानं बंदुकीची दारू मोजायची म्हणजे खेळ नव्हे. एकात दुप्पट पडली तर रायफल झाडणाऱ्याच्या तोंडावरच फुटायची. आणि झाडणारा होता त्यांचा एकुलता एक रॉयस. खिंडीपलीकडे राहणारा हा मुलगा लहानपणापासून बापाच्याच काडतुसांवर शिकार करत आलेला. आर्डिथनं त्याला बायबलवर हात ठेवायला लावून शपथ घातली, बापाचं एकही काडतूस झाडायचं नाही. ऑरिनला यातलं काही कळू दिलं नाही.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती भरलेले डबे लीलँडकडे आणून द्यायची. ठरलं होतं ते असं: लीलँडनं गोळ्या उपसायच्या, दारू काढून टाकायची, झाडल्यासारखं दिसावं म्हणून बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या तेवढ्या वाजवायच्या. आदल्या महिन्याच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन ती घरी जायची आणि सांगायची, "रॉयस लीलँडकडून घेऊन गेला. सगळी झाडली."

"नेम कसा लागला म्हणे?" ऑरिन विचारायचा.

"झकास."

दोन वर्षं ती झकास म्हणत होती. खोटं बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिला त्या शब्दाचा वीट आला होता.

"पहिल्या महिन्यात मी एकूण एक वजन करून पाहिलं होतं," लीलँड बिल फाडताना म्हणाला. "दारू अगदी बरोबर होती."

"एक चुकलं तरी पुरे आहे, लीलँड. मला मुलगा एकच आहे." तिनं कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पण मला सांग, या मेल्या पुंगळ्या दर वेळी कापायच्या तरी कशाला?"

"पितळ आहे ना. झाडलं की आतल्या जाळानं ताणतं, पुंगळी लांबते. कापली नाही तर पुढच्या वेळी रायफलीत अडकते."

"आणि झाडलीच नाही तर?"

"तर कशाला लांबेल..." लीलँड बोलता बोलता थांबला.

आर्डिथनं कप खाली ठेवला.

"मग ऑरिन काय कापतो?"

लीलँडनं बिलाची घडी घातली आणि परत उलगडली.

"पितळेचा चुरा मी स्वतः कचऱ्यात टाकते, लीलँड. दर महिन्याला ओंजळभर. कापायचं काही नसताना कापत बसतो तो? डॉक्टर म्हणाला होता, हाताबरोबर डोकंही जाईल कधीतरी. मी समजत होते, डोकं तेवढं शाबूत आहे."

"आर्डिथ, तसं नाही ते."

"तुझं ते खोकं ठेव परत. आज घरी गेल्यावर टेबल आवरते. दारू, गोळ्या, सगळं. भिंतीकडे तोंड करून पडायचं तर पडू दे." ती उठली. "दमले रे मी."

ती दारापर्यंत गेली.

"थांब," लीलँड म्हणाला. "टेबल आवरू नकोस."

त्यानं तिच्यासाठी बांधून ठेवलेली पिशवी सोडली. आतली एक पुंगळी लांबी मोजायच्या कॅलिपरच्या जबड्यात धरली आणि आकडा तिच्यापुढे केला. तिला त्या आकड्यातलं काही कळत नव्हतं.

"लांब आहे," तो म्हणाला. "सगळ्याच लांब आहेत. ऑरिनचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा ठीक आहे."

आर्डिथनं ती पुंगळी हातात घेतली. "म्हणजे तू उपसत नाहीस? तू झाडतोस?"

"मी नाही."

"मग?"

लीलँडनं कॅलिपर मिटून खिशात टाकला. शपथ मोडणाऱ्याचं नाव घ्यायला त्याची जीभ वळेना.

"तू दर महिन्याला घरी जाऊन ऑरिनला जे सांगतेस ना," तो म्हणाला, "ते खरंच आहे."