पेनल्टीचा मान

चेंडू ठेवला की तो लगेच थांबत नसे. वीतभर खाडीच्या बाजूला सरके, एका खळग्याशी अडे आणि मग स्थिर होई. कासू गावाच्या या मैदानाला उतार होता, डोळ्यांना न दिसणारा. चेंडूला मात्र तो बरोबर कळे.

निलेशनं चेंडू पेनल्टीच्या खुणेवर ठेवला. तो सरकला. निलेशनं उचलून पुन्हा ठेवला.

बांधावर, सामन्यानंतर जाळात भाजायच्या पोपटीचं मडकं भरत बसलेल्या हौसाचे हात थांबले. अर्ध्या मडक्यात वालाच्या शेंगा, मांडीवर भांबुर्ड्याचा पाला. समोर तिचा मुलगा होता आणि रेषेबाहेर, हाताची घडी घालून, तिचा नवरा जनू. क्लबचा अध्यक्ष. सामना संपत आला होता. बरोबरी झाली तरी रोहेकरांना ती पुरणार होती. फायनलला जायचं तर कासूला हा गोल हवाच होता.

"घातला खाडीत!" मागून रघू ओरडला. चेंडूला अजून कुणी पायही लावला नव्हता.

बांधावर हशा पिकला. हौसालाही हसू आलं.

"काकी, तुम्ही हसता व्हय? पोरगा तुमचा, नवरा तुमचा, नि हरायचं आम्ही!"

"मंग मी काय रोह्याची हाय? तुमच्यातच बसलेय ना रे."

निलेश खेळाडू वाईट नव्हता. बचावाला उभा राहिला की त्याला ओलांडून जाणं सोपं नसे. पण पेनल्टी मारताना त्याचा पाय त्याचा राहत नसे. या मोसमात काही चेंडू गोलकीपरच्या हातात गेले होते, काही बांधापलीकडे. जाळ्यात एकही नाही. तरी पेनल्टी त्याचीच. मैदान जनूच्या वडलांच्या जमिनीवर होतं, म्हणून क्लब निघाला तेव्हा पहिला चेंडू मारायचा मान त्यांच्या घराला दिला गेला. मग पहिली पेनल्टी मिळाली, तीही त्याच घराकडे गेली. होळीला पहिला नारळ जनूच्या घरचा, तशी पेनल्टीही जनूच्या घरची. कुणी ठरवलं नव्हतं, तसं होत गेलं होतं. सरावात म्हणेल त्या कोपऱ्यात चेंडू घालणारा साहिल अशा वेळी कमरेवर हात ठेवून लांब उभा असायचा. आत्ताही होता.

पेनल्टी साहिलला द्या, हेच मोसमभर लोक जनूच्या ओटीवर येऊन सांगून गेले होते. चहा सगळ्यांना मिळाला. उत्तरही सगळ्यांना एकच मिळालं, "बघू."

"अध्यक्ष, बघून झालं का?" रघूनं हाक दिली. दोघातिघांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि बघता बघता सगळा बांध एका सुरात म्हणू लागला, "बघू! बघू! बघू!"

जनूनं मागं वळून पाहिलं नाही. त्याची मान मात्र ताठ झाली.

खाली चेंडू पुन्हा सरकला होता. निलेश तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, जरा जास्त वेळ. हौसानं पाला खाली ठेवला. ती बांध उतरून जनूच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"सकाळी भाकरी खाताना पोरगं काय बोललं, ठावं हाय?"

"काय?"

"आये, आज आपल्याला पेनल्टी नको मिळू दे, म्हणाला."

जनूची नजर वाकलेल्या पोरावर गेली. मग हळूच म्हणाला, "मान आपल्या घरचा हाय, हौसे."

"नारळ पन आपल्याच घरचा असतो. गेल्या शिमग्याला तुमचा खांदा धरला होता, तवा होळीत टाकायला रघूच्या बापाकडं दिलात. मंग गेला काय मान?"

जनूनं घडी घातलेले हात सोडले. खांदा चोळला, दुखत नव्हता तरी. मग तो रेषा ओलांडून मैदानात शिरला.

रेफरीनं शिट्टी मारली. "ओ अध्यक्ष, बाहेर व्हा!"

"येवढा बॉल ठेवतो, सायेब. आमचा मान हाय."

रोह्याचा गोलकीपर हसला. रेफरीनं घड्याळ पाहिलं आणि बोटानं लवकर अशी खूण केली. बांधावरचा ठेका विरत गेला. भांबुर्ड्याचा उग्र वास घेऊन वारा मैदानभर फिरला. आज कुणीही जिंको, पोपटीला रोहेकरही बसणार होते.

जनूनं निलेशच्या हातून चेंडू घेतला. खुणेजवळची माती टाचेनं दाबली, पुन्हा दाबली, तळव्यानं चाचपली. मग चेंडू ठेवला आणि त्यावर हात तसाच धरला, जसा झोपलेल्या पोराच्या कपाळावर धरतात. हात काढला. चेंडू जागचा हलला नाही.

त्यानं निलेशकडं पाहिलं. निलेश केव्हाच दोन पावलं मागं सरकला होता, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले होते.

जनू उठला. गुडघ्याची माती झटकली.

"साहिल," तो म्हणाला. मग बांधाकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"साहिल, पेनल्टी तू मार."